बॉल मागायला चालत जायचं असतं

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझा नवरा म्हणतो, आणि ते काही खोटं नाही. वनरक्षकाची नोकरी मला मानवली ती त्यामुळेच. आलापल्लीच्या बाजूच्या सागवानात दिवसभर गस्त घालून आले तरी जेवताना मी मधेच उठते, आणि कशाला उठले ते मलाच आठवत नाही. चर्चमध्ये मात्र गप बसावं लागतं. त्यात मागच्या पावसाळ्यात मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, मला पंच केलं. आमच्या पाळकसाहेबांकडे बऱ्याच गावच्या मंडळ्या आहेत, ते महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. बाकी कारभार पंचांचा. पंचांचं बाक व्यासपीठाशेजारी, मंडळीकडे तोंड करून ठेवलेलं. नुसता पाय हलवला तरी अख्ख्या चर्चला दिसतो.

जागा मात्र मला ओळखीची होती. शाळेत मी बेसबॉल खेळायचे, कॅचर होते. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पिचर बॉल फेकतो, समोर बॅटवाला उभा असतो आणि त्याच्या मागं तोंडावर जाळी बांधून, उकिडवा बसून बॉल झेलतो तो कॅचर. आपल्या टीमचे बाकी सगळे एकीकडे तोंड करून उभे असतात, एकटा कॅचर त्यांच्याकडे तोंड करून बसतो. कोण कंटाळलंय, कोणाचं लक्ष नाही, कोण घाबरलंय, सगळं त्याला दिसतं. आणि पिचर थकला की सगळ्यात आधी कॅचरला कळतं, कारण हातमोज्यात बॉल बसला की तळहात पूर्वीसारखा चुरचुरत नाही. पिचरला स्वतःलाही ते बरेचदा कळलेलं नसतं.

हे मला शिकवलं ते आमच्या सरांनी. शाळेत ते व्यायामाचे शिक्षक आणि मंडळीत ज्येष्ठ पंच. पाळकसाहेब नसले की उपासना तेच चालवायचे. तरुणपणी नागपूरला शिकायला गेले तेव्हा त्यांनी बेसबॉल पाहिला आणि येताना हा आजार घेऊनच आले, असं आमच्या काकू, म्हणजे सरांच्या बायको, म्हणतात. गावात सगळे हसले. सरांनी लाकडाच्या डेपोतून सागाचा एक टाकाऊ तुकडा आणून बॅटवाला जिच्यापाशी उभा राहतो ती पंचकोनी होम प्लेट कापली, पोत्यांत रेती भरून धावून गाठायचे बेस केले आणि क्रिकेटवाल्या पोरांनी हाकलून दिलेल्या आम्हा पोरींना गोळा केलं. गोंडांच्या, बौद्धांच्या, कुणब्यांच्या पोरी आणि ख्रिस्ती मी एकटी. मैदानावर सरांनी कधी मोठ्यानं प्रार्थना म्हटली नाही. इथी फक्त बॉलचं बोलायचं, असं म्हणायचे. पण पाण्याचा पिंप स्वतः भरायचे, सगळ्या पोरी प्याल्या की मग पेला हातात घ्यायचे, आणि खेळ संपल्यावर बॅटा गोळा करायला कोणाला सांगायचे नाहीत, स्वतः वाकायचे. मी त्यांच्याकडून धर्म शिकले असेन तर तो चर्चपेक्षा त्या पिंपाजवळ जास्त.

चर्चमध्ये उलटा प्रकार. तिथं सर बेसबॉलशिवाय बोलत नसत. उपदेश कशावरही असो, पाच मिनिटांत होम प्लेट यायचीच. त्यामुळे आमच्या मंडळीतल्या ज्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात एक मॅच पाहिली नाही, त्यांनाही डबल प्ले म्हणजे एका बॉलवर दोघं बाद, हे ठाऊक आहे. सरांचा लाडका उपदेश होता राइट फील्डवरचा. राइट फील्ड म्हणजे मैदानाचा उजवा, दूरचा कोपरा. तिकडे बॉल क्वचित जातो, म्हणून टीममधल्या कच्च्या खेळाडूला तिथं उभं करतात. सर म्हणायचे, “त्या कोपऱ्यातल्याले कमी नका समजू. पहिल्या बेसवरच्याच्या हातून बॉल सुटला तं त्याच्यामागं कोण धावते? थोच धावते. दुसऱ्याच्या चुकीच्या मागं उभं राहाचं, हे सोपं काम नाई.” मग हात गुडघ्यांवर टेकून, वाकून, तो कसा उभा राहतो तेही व्यासपीठावर करून दाखवायचे. पोरं हसायची. सरही हसायचे.

धान निसवायच्या, लोंब्या फुटायच्या दिवसांतल्या एका रविवारी ते घडलं. उपासनेच्या शेवटी सर येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना सांगतात आणि मंडळी त्यांच्यामागून एकेक ओळ म्हणते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, माझे सोडून. लहानपणापासून मला डोळे मिटून उभं राहणं जमत नाही, त्यासाठी आईचे धपाटेही खाल्लेत. तर सर ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या मधल्या ओळीपर्यंत आले, थांबले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. मंडळीही गेली! एकानंही खाकरलं नाही, एकाचाही आवाज अडखळला नाही. पुन्हा भाकरीपर्यंत आले, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही सगळे पुन्हा त्यांच्यामागून. काकू पहिल्या बाकावर होत्या. त्यांनी डोळे उघडले, सरांनीही गोंधळून उघडले, आणि काकूंनी नुसते ओठ हलवून पुढची ओळ दाखवली, तेव्हा कुठं गाडी क्षमेच्या ओळीवर सरकली आणि आमेन झालं.

बाहेर चहा झाला. लोकांनी सरांशी हात मिळवले, सलाम केला आणि धानावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलत बसले. मला वाटलं, कोणीतरी काहीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. मला सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या चांगुलपणाचा. माणूस वाट चुकतोय आणि आम्ही त्याचा मान राखायला त्याच्यामागून वाट चुकतोय! घरी येऊन मी उगाच भांडी घासलेली पुन्हा घासली.

त्यानंतर ते कधी व्हायचं, कधी नाही. ज्या रविवारी व्हायचं नाही त्या रविवारी मी स्वतःला समजवायचे की वय झालंय, होतं एखाद्या वेळी. पण माझ्या तळहाताला कळलं होतं.

धान कापून झालं तशी पंचांची बैठक बसली. विषय नाताळचा. सर त्या दिवशी आले नव्हते. नाताळला आमच्याकडे अख्खं गाव येतं. शाळेचे गुरुजी, डेपोवाले, बौद्ध मोहल्ल्यातली कुटुंबं, सरांच्या हाताखाली खेळलेल्या आणि आता लेकरं घेऊन माहेरी आलेल्या पोरी. पाळकसाहेब सकाळी मोठ्या मंडळीची उपासना करून आमच्याकडे जेवायच्या वेळी पोचतात, म्हणून नाताळची उपासना सरांचीच. चहा पिता पिता एका पंचानं शेवटी तोंड उघडलं. “अख्ख्या गावासमोर तसं झालं तं? लोक हसतीन सरांवर. त्यायले सांगा लागन, यंदा बसा म्हणून.” सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. “तुमीच सांगा बाई. तुमचे सर होत. तुमचं आयकतीन.” काम माझ्या गळ्यात मारून मंडळी मोकळी झाली.

मी सांगायला गेले. सर अंगणात खाटेवर होते, काकू लाखोळीची भाजी खुडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, “सर, एक बोलायचं होतं.” सर म्हणाले, “बस पयले. तुले बसता येत नाई म्हणूनच तुले कॅचर केलं होतं मी, मंजे जबरदस्तीनं तरी बसशीन.” मग त्यांनी टोपल्यातला कांदा उचलला आणि बोटं कशी ठेवली की बॉल खाली पडतो ते मला दाखवायला लागले. जणू मी सहावीत आहे. ते इतके खूश होते की माझ्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. मी कांदा धरून दाखवला, त्यांनी माझं बोट नीट केलं, आणि मी निघाले.

काकू फाटकापर्यंत आल्या. “मले ठाऊक हाय तू कायले आली होतीस,” त्या म्हणाल्या. “सांग बापा. मीच किती दिवस ओठ हलवत बसू? पण एक सांगतो तुले. शनिवारी हे सकाळपासून कपडे काढून ठेवतेत रविवारचे. उपासना गेली तं हे जातीन कुठी?” विचार करून सांगते म्हणाले आणि भरभर चालायला लागले. खरं तर मी विचार केलाच नाही. मी फक्त, सांगायचं कसं, याचाच घोर लावून घेतला. गस्तीवर चालताना झाडांना सांगून बघायचे. “सर, आता आराम करा.” “सर, नवीन लोकांना संधी द्या.” सगळंच खोटं वाटायचं, निरोप समारंभातल्या भाषणासारखं.

सुट्टीच्या दिवशी मी आता शाळेतल्या पोरींना बेसबॉल शिकवते. नाताळच्या आधी शेजारच्या तालुक्यातली टीम सरावाची मॅच खेळायला आली होती. त्या आठवड्यात नाल्याकडे वाघाचे पगमार्क मीच पाहिले होते, त्यामुळे ऊन असेपर्यंत आटपायचं ठरलं होतं आणि माझा जीव त्याही घाईत अडकलेला. सर नेहमीप्रमाणे मोहाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मैदानावर त्यांचं काहीही हरवलेलं नव्हतं. कोणता बॉल पडणार ते ते पिचरच्या खांद्यावरून आधीच सांगायचे. हेच मला समजत नव्हतं. देवाची प्रार्थना विसरणारा माणूस इथं एवढा लख्ख कसा? मला देवाचाही राग येत होता, सांगून टाकते.

आम्ही पुढं होतो. माझी पिचर पोरगी सकाळपासून घरच्या मळणीत राबून आलेली, पण बॉल चांगला टाकत होती. मग तिचे बॉल वर वर जायला लागले. सरांनी काठी आपटून मला बोलावलं.

“पोरीचा हात गेला. काऊन नाई काढत तिले?”

“जिंकून राह्यलो ना सर. एवढं आटपलं की झालं. पोरगी तं काही म्हणत नाई.”

“कोणता पिचर म्हणते?” सर चिडले. “मी थकलो, घ्या हा बॉल, असं म्हणणारा पिचर मी तं नाई पाह्यला. त्याले मागा लागते. अन् इथूनच नको बोंबलू. दुरून हात हलवला तं तिची इज्जत जाते. चालत जाय. पार तिच्यापाशी जाय. हात पुढं कर अन् गप उभी राह्य. भाषण नको देऊ.”

मी चालत गेले, तिच्यासमोर हात पसरला. पोरीनं बॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बॉल माझ्या हातात ठेवला. ओठ आवळून धरले होते तिनं. आमच्याकडे मुळात पोरी कमी, त्यामुळे काढलेल्या पिचरला बाहेर बसवायची ऐपत नाही. “राइट फील्ड,” मी म्हटलं. ती पळत गेली आणि कोपऱ्यात गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली.

परत आले तेव्हा सर म्हणाले, “पाहाय, कशी मोकळी झाली पोरगी.”

ते स्वतःबद्दल बोलत होते का? मला आजही माहीत नाही. त्या क्षणी मात्र मला पक्कं वाटलं की ते मला वाट करून देताहेत. मी खुर्चीशेजारी बसले. बसले, हे लक्षात घ्या. म्हटलं, “सर, नाताळच्या उपासनेचं...” सरांनी मैदानावरची नजर माझ्याकडे वळवली, अगदी प्रेमानं. “आज मॅच कोनासंग हाय आपली?” त्यांनी विचारलं. मॅच सुरू व्हायच्या आधीही त्यांनी हेच विचारलं होतं. मी तालुक्याचं नाव सांगितलं आणि रडू आवरायला बॅटा गोळा करायला उठले, मॅच चालू असताना.

आणि अशानं नाताळ उजाडला. मी सांगितलेलं नव्हतं. बाकीच्या पंचांनी मला पाहताच ओळखलं, पण आता बोलायला जागा नव्हती. चर्च गच्च भरलं होतं, मागं दारात लोक उभे, खिडक्यांत पोरं बसलेली. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गाणी छान झाली. उपदेशही निभावला, छोटाच केला त्यांनी, आणि होम प्लेट आलीच. पाहुणेही हसले. मी मनात म्हटलं, देवा, आता एवढी एकच प्रार्थना राहिली, तेवढी पार पाड.

सगळे उभे राहिले. डोळे मिटले. सरांनीही मिटले. भाकरीची ओळ आली आणि सर पहिल्या ओळीवर गेले. मंडळी गेली. पहिल्या बाकावरून काकूंचे ओठ हलत होते, पण सरांचे डोळे मिटलेले, त्यांना दिसणार कसं? दुसऱ्यांदा भाकरी आली. दुसऱ्यांदा परत. पाहुण्यांचे डोळे उघडे होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. खिडकीतलं एक पोर फिसकन हसलं. मंडळीचा आवाज मात्र तसाच, ठाम, सरांच्या पाठोपाठ. ही माणसं संध्याकाळपर्यंत अशीच म्हणत राहतील, हे मला कळत होतं.

मी बाकावरून उठले. पाय अनवाणी, त्यामुळे कोणाला चाहूल लागली नाही. त्यांच्यापाशी गेले, समोर उभी राहिले आणि हात पुढं केला. पण ते बघतच नव्हते. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. मला ते दोन्ही करावंसं वाटत होतं, आणि पळूनही जावंसं वाटत होतं. सर पुन्हा पहिल्या ओळीवर होते. सगळे पाहुणे माझ्या पसरलेल्या हाताकडे बघत होते. मी उभी राहिले. अशी मी कधी कुठं उभी राहिले नाही.

मधेच सरांना काय जाणवलं कोण जाणे. त्यांनी डोळे उघडले. आधी माझा तळहात पाहिला, मग मला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. त्यांनी त्याची मूठ वळली, माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटं उघडली. मी माझी मूठ मिटली.

मला वाटलं, झालं. पण सर जागचे हलले नाहीत. माईक त्यांच्या तोंडासमोरच होता.

“मी कुठी जाऊ?” त्यांनी विचारलं.

ते सगळ्यांना ऐकू गेलं. मंडळीचे डोळे उघडले. काकूंनी फाटकापाशी हेच विचारलं होतं आणि मी उत्तर न शोधता आले होते. बॉल मागायचा कसा याचीच तयारी केली होती मी. बॉल दिलेल्या माणसानं कुठं जायचं, ते कोणी ठरवायचं? घशातून शब्द आपोआप निघाला.

“राइट फील्डले, सर.”

एकही माणूस हसला नाही. आमच्या मंडळीला ती जागा माहीत होती. सरांनी क्षणभर विचार केला, मान हलवली आणि मधल्या वाटेनं मागच्या उजव्या दाराकडे निघाले. लोक बाजूला सरले. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या एकीनं कडेवरचं लेकरू दुसऱ्या कडेवर घेऊन त्यांना जागा करून दिली.

मी माईकपाशी उभी राहिले. लोकांनी पुन्हा डोळे मिटले. भाकरीच्या ओळीपासून मला सुरू करायचं होतं. मी तोंड उघडलं, पण काकूंकडे नजर गेली आणि तिथंच अडकली. आवाज निघेना. मंडळी माझ्यामागून म्हणणार होती, मी काहीच म्हटलं नाही, म्हणून मंडळीही गप्प.

तेव्हा मागून, उजव्या दाराकडून, सरांचा आवाज आला. माईक नाही, काही नाही. भाकरीची ओळ, अगदी स्वच्छ. मंडळीनं ती उचलली. आता ते पुन्हा पहिल्या ओळीवर जातील या भीतीनं मी जिवाच्या आकांतानं पुढची ओळ पकडली, क्षमेची, आणि ती धरून आमेनपर्यंत पोचले.

आमेन झाल्यावर लोकांनी डोळे उघडले आणि व्यासपीठाकडे न बघता मागं वळून पाहिलं. सर दाराशी उभे होते, थोडे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून.